कॅराव्हॅनचं पाणी

वोल्फ्सबुर्ग,
४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबांस,
ऊर्मिलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसती मान हलवता, म्हणून पत्रच लिहिते आहे. स्कॅन करून यशोधनच्या ई-मेलवर पाठवते. तो त्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून तुम्हाला आणून देईल.

सिद्धांतने गेल्या वर्षी घेतलेली कॅराव्हॅन तुम्हाला आठवत असेल. गाडीच्या मागे जोडून न्यायची, चाकांवरची खोली, १९७७ सालची. ती इथून बारा किलोमीटरवरच्या गावात, हेर बेरेन्स नावाच्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये उभी आहे. त्यांना तिथे धान्य वाळवायचं यंत्र बसवायचं आहे, त्यामुळे सप्टेंबरअखेर शेड रिकामी करून द्यायची आहे. ब्राउनश्वाइगचं एक जोडपं कॅराव्हॅन घ्यायला तयार आहे. आतलं पाणी चालू हवं, एवढीच त्यांची अट. सिद्धांतने जुन्या नळ्या सगळ्या उपटून टाकल्या होत्या आणि नव्या अर्ध्या बसवल्या होत्या. सोळा जानेवारीला तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये पडला तो उठलाच नाही; त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, तो दिवसभर त्या शेडमध्येच होता. पुढचं काम राहिलं.

पूर्वी आत एक कॅन होता, पायाने दाबायचा पंप आणि ओट्यावर एकच तोटी. आता बाकाखाली चाळीस लिटरची टाकी, बॅटरीवर चालणारा पंप, साधारण करंगळीएवढ्या जाड निळ्या नळ्या, ओट्यावर एक तोटी आणि कपाटामागच्या छोट्या बेसिनला दुसरी, असा त्याचा बेत होता. त्याच्या वहीतल्या चित्राचा फोटो जोडला आहे. मला त्यातलं काही कळत नाही. इथे प्लंबर विचारला तर नोव्हेंबरची टेर्मिन, म्हणजे तारीख देतो. तुम्ही चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली आहेत. तुम्ही सांगाल तसं मी करीन.

बाकी ठीक. मी ऑफिसला जाते, जेवते, झोपही लागते. शमिकाचं कायझर्सलाउटर्नला चौथं सेमिस्टर संपलं. सुट्टीत घरी आली नाही, तिथेच एका इन्स्टिट्यूटमध्ये काम धरलं. डिसेंबरात राजीनामा देऊन कराडला राहायला ये, असं आई म्हणाल्या. मी हो म्हटलं आहे.

लोभ आहे, तसाच राहू द्यावा.

आपली,
ऊर्मिला


विद्यानगर, कराड
९ ऑगस्ट २०२४

चि. ऊर्मिला हिस,
वासुदेवचे अ. उ. आ.

पहिल्या कागदावर सवयीने ‘चि. सौ.’ लिहिलं गेलं. तो फाडला. दुसऱ्यावर ‘श्रीमती’ लिहिलं, तर खात्याची नोटीस धाडतोय असं वाटायला लागलं. तोही फाडला. या कागदावर नुसतं चि. आहे. इथून पुढे तेच.

चित्र बघितलं. टाकी, मग गाळणी, मग पंप, आणि पंपानंतर दोन फाटे: एक ओट्याला, एक बेसिनला. क्रम बरोबर आहे. पण त्यात उतार कुठेच दाखवलेला नाही. तुमच्याकडे थंडीत पाणी गोठतं. नळीत राहिलेलं पाणी गोठलं की नळी फुटते. म्हणून सगळ्या नळ्यांना एका बाजूला उतार हवा आणि सगळ्यात खालच्या जागी एक ड्रेन कॉक, म्हणजे हिवाळ्याआधी तो उघडला की सगळं पाणी बाहेर. मी वेगळं चित्र काढून सोबत जोडलं आहे. लाल पेन्सिलीत उतार आहे.

नळी काटकोनातच काप. तिरकी कापलीस तर जॉइंट गळणार. प्रत्येक नळीच्या टोकापासून वीस मिलिमीटरवर पेन्सिलीने खूण कर. जॉइंटमध्ये ढकलल्यावर ती खूण आत गेली पाहिजे. खूण बाहेर दिसली तर नळी बसली नाही असं समज.

आणि करंगळीएवढी म्हणजे कोणाच्या करंगळीएवढी? तुझ्या की माझ्या? कॉम्प्युटरवाल्यांना मोजपट्टी देत नाहीत का? माप मिलिमीटरमध्ये कळव.

तुझ्या सासूबाई सकाळपासून विचारताहेत की मी एवढं काय लिहितोय. पाण्याचं, एवढंच प्रभाला सांगितलं. कॅराव्हॅन विकायची हे शमिकाला विचारलंस का? पत्रात तसं दिसलं नाही.

तब्येत सांभाळ. आमची माया तुला ठाऊक आहे.

वासुदेव


वोल्फ्सबुर्ग,
१८ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नळी बारा मिलिमीटर आहे. मोजली.

दोन्ही शनिवार शेडमध्ये गेले. बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या सुतारकाम-प्लंबिंगच्या मोठ्या दुकानातून, ड्रेन कॉक आणि वॉशर आणले. टाकी पट्ट्यांनी बांधली. ओट्याकडचा फाटा पूर्ण केला, तुमच्या चित्राप्रमाणे उतार ठेवून. बेसिनकडचा सिद्धांतने आधीच पूर्ण केलेला दिसतो. त्याने कापून ठेवलेल्या जादा तुकड्यांवर पेन्सिलीच्या खुणाही आहेत, तुम्ही सांगितल्या तशाच, वीस मिलिमीटरवर. त्याने त्या तुमच्याकडूनच घेतल्या असणार.

काल टाकी भरून पंप चालू केला. पंप जोरात फिरतो, पण तोटीला थेंब नाही. अर्धा तास बघत बसले. हेर बेरेन्स आले आणि माझ्या हाताकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले. अंगठ्याला नळी कापायचं पातं लागलं होतं आणि रक्त कोपरापर्यंत आलं होतं. मला कळलंच नव्हतं. त्यांच्या बायकोने पट्टी बांधली, दुखतंय का विचारलं. मी नाही म्हटलं. खरंच दुखत नव्हतं. हल्ली असंच आहे. चहा गरम आहे की गार झालाय, हे पिऊन झाल्यावरही सांगता येत नाही. काळजी करू नका, जखम छोटी आहे.

शमिकाला विकण्याबद्दल मेसेज केला. मी नेहमी मराठीतच लिहिते. तिचं उत्तर जर्मनमध्ये आलं, तुला हवं तसं कर, एवढंच. लहानपणापासून तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते. सिद्धांतशी तेवढी मराठी बोलायची. तो तिच्याशी जर्मन बोलायलाच तयार नसे.

पंपाचं काय करू ते कळवावं. जोडप्याला सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी बोलावलं आहे.

आठवण ठेवावी.

ऊर्मिला


कराड
२२ ऑगस्ट

चि. ऊर्मिला हिस,
अ. उ. आ.

पंप हवा ओढतोय. टाकी आणि पंप यांच्यामध्ये कुठेतरी फट आहे. पाणी बाहेर येणार नाही, त्यामुळे तुला दिसणार नाही, पण हवा आत जाते. गाळणीचं झाकण उघड. त्यात रबराची गोल रिंग असते, ती वाकडी बसली असेल. पुसून, सरळ बसवून झाकण हाताने घट्ट कर. पान्हा लावू नकोस, प्लास्टिक तडकेल.

आता दुसरं. हे मी तीन दिवस लिहू की नको करत होतो.

गेल्या दिवाळीत सिद्धांतने हेच चित्र मला पाठवलं होतं. उतार कसा द्यावा, असं विचारलं होतं. दिवाळीला येतो म्हणून तो दुसऱ्या वर्षीही आला नाही, सुट्टी त्या कॅराव्हॅनपायी खर्च झाली, याचा मला राग होता. मी उत्तर दिलं नाही. प्रभाला फोनवर सांगायला लावलं, की भंगारातल्या खेळण्यासाठी मला वेळ नाही. वेळ भरपूर होता. दिवसभर मी पेपरातली कोडी सोडवतो. तुला पहिलं पत्र लिहिताना चित्र पहिल्यांदाच बघतोय असं दाखवलं, तेही खोटं. उतार नाही हे मला नोव्हेंबरातच दिसलं होतं.

त्यानंतर त्याच्याशी पुन्हा बोलणं झालं नाही. संक्रांतीला त्याचा फोन आला होता. मला ऐकू येत नाही म्हणून प्रभाच बोलली. मी शेजारीच बसलो होतो.

तुला सांगून माझं ओझं हलकं करायचं नाही. तू हे काम माझ्याकडून करून घेते आहेस, तर कोणाकडून घेते आहेस ते तुला ठाऊक असावं.

आणि एक. तू सगळ्याला हो म्हणतेस. विकायला हो, नोकरी सोडायला हो, कराडला यायला हो. प्रभाला त्याचा आनंद आहे. मला मात्र भीती वाटते.

उत्तर दिलं नाहीस तरी समजून घेईन.

वासुदेव


वोल्फ्सबुर्ग,
१ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रिंग वाकडीच होती. सरळ केली आणि पाणी आलं. आधी नुसती हवा आली, मग पिवळट पाणी, मग स्वच्छ. ओट्याची तोटी चालते, बेसिनचीही चालते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सिद्धांतला काही वाटलं नव्हतं असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खरं नाही. त्याला लागलं होतं. दोन दिवस तो तोंड पाडून होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला की बाबा चिडलेत म्हणजे चित्र नक्की बघितलंय, न बघता ते चिडत नाहीत. मग स्वतःच हसला आणि वहीत नवं पान उघडलं. उतार मात्र त्याने दिलाच नाही. कदाचित तुमची वाट बघत असेल. मला माहीत नाही.

मला तुमचा राग यायला हवा होता बहुतेक. आला नाही. दुसरंही काही आलं नाही. पत्र घडी करून ठेवलं आणि इस्त्री केली.

आता नवी अडचण. दोन्ही तोट्या बंद केल्या की पंप थांबायला हवा, तसा थांबतो. पण दहा मिनिटांनी आपोआप टर्र करून दोन सेकंद फिरतो आणि पुन्हा थांबतो. परत दहा मिनिटांनी टर्र. मी घड्याळ लावून पाहिलं. फरशी कोरडी आहे. हे चालेल का? जोडप्याला कदाचित कळणारही नाही.

आपला लोभ असू द्यावा.

ऊर्मिला


कराड
५ सप्टेंबर

चि. ऊर्मिला हिस,
अ. उ. आ.

खरं लिहिलंस, बरं केलंस. त्याविषयी इतकंच.

चालणार नाही. तोट्या बंद असताना पंप फिरतो याचा अर्थ पाणी कुठूनतरी जातंय. थेंब थेंब असेल, फळीत मुरत असेल. वर्षभराने ती फळी कुजेल आणि ते जोडपं तुझ्या नावाने बोटं मोडेल. मी आयुष्यात गळकी लाइन कोणाच्या ताब्यात दिली नाही.

आधी ओट्याचा फाटा काढून तिथे बूच लाव. पंप चालू करून वीस मिनिटं थांब. टर्र झालं तर गळती बेसिनकडे, नाही झालं तर ओट्याकडे. कुठल्या बाजूला आहे ते कळलं की तिकडच्या प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळ. जो भिजेल तो जॉइंट.

प्रभा म्हणते की मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे, फिकट हिरवी, आणि पुस्तकांसाठी फडताळही करून घेतलं आहे. मी फक्त निरोप पोचवतोय.

वासुदेव


वोल्फ्सबुर्ग,
१५ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गळती बेसिनकडे निघाली. तिकडे पाच जॉइंट आहेत. चार टिश्यू कोरडे होते. पाचवा कपाटाच्या मागे, जिथे नळी भिंतीतून बेसिनकडे वळते तिथे. तो भिजलेला होता.

कपाटाची मागची फळी काढून टॉर्च लावला. नळीवरची पेन्सिलीची खूण जॉइंटच्या बाहेर दिसत होती, सेंटिमीटरभर. म्हणजे नळी अर्धीच आत गेली होती, पूर्ण ढकललेली नव्हती.

मला ते लगेच कळलं, बाबा. तो जॉइंट एकट्याने होण्यासारखा नाही. बेसिनच्या बाजूने कोणीतरी एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, धरून ठेवायचा आणि कपाटाच्या बाजूने दुसऱ्याने नळी ढकलायची. चौदा जानेवारीला सकाळी तो मला म्हणाला होता, की आज चल ना, एका ठिकाणी फक्त दोन मिनिटं हात लावायचा आहे. मी म्हटलं, मला त्या थंड शेडमध्ये यायचं नाही, पुढच्या रविवारी बघू. मग मी घरीच राहिले. मालिका बघितली. कोणती ते आठवत नाही.

हेर बेरेन्सना बोलावलं. त्यांनी एल्बो धरला, मी नळी ढकलली. कट्ट असा आवाज आला आणि खूण आत गेली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यांनी गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोब्बर, असं म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते गेले. मी तिथेच कपाटात पाय घेऊन बसून राहिले. आता काहीतरी होईल, रडू येईल, असं वाटलं. बराच वेळ थांबले. काही झालं नाही. पंप तासभर गप्प होता.

त्या जॉइंटचा आधी काढलेला फोटो, खूण बाहेर असलेला, शमिकाला पाठवला. का पाठवला ते सांगता येणार नाही. खाली काही लिहिलं नाही. पाच मिनिटांत तिचा फोन आला. जूननंतर पहिल्यांदा. हे बाबाने लावलेलं आहे का, तू तसंच ठेवलं आहेस ना, असं जर्मनमध्ये विचारत होती. मी सांगितलं की नीट बसवला. मग म्हणाली, मला ते बघायचं आहे. मी विचारलं, वोल्फ्सबुर्गला येतेस का. तर म्हणाली की त्या घरात यायचं नाही. तूच कॅराव्हॅन घेऊन इकडे ये.

साडेचारशे किलोमीटर आहे आणि मी कॅराव्हॅन कधी ओढलेली नाही. तरी हो म्हटलं. पण हे हो मी म्हटलं, असं पहिल्यांदा जाणवलं. जोडप्याला थोडे दिवस थांबा असं कळवलं आहे.

लोभ ठेवावा, लागलाच तर रागही.

ऊर्मिला


कराड
१९ सप्टेंबर

चि. ऊर्मिला हिस,
अ. उ. आ.

नळी अर्धी बसवून तो उठला, याचा अर्थ ते काम उद्यावर टाकलं, एवढाच. साइटवर आम्ही रोज असंच उठायचो. उद्या करायचं म्हणूनच खूण करून ठेवतात. त्यात तुझा दोष शोधू नकोस. मी माझा शोधतोय, तो वेगळा आहे, त्याची सोबत तुला नको.

प्रवासाआधी दोन गोष्टी. टाकीत शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकून पाणी रात्रभर ठेव, दोन्ही तोट्यांतून सगळं सोडून दे, मग साध्या पाण्याने दोनदा धू. त्याशिवाय प्यायचं नाही. आणि टाकी रिकामी करूनच निघ, चाळीस किलो वजन उगाच ओढू नकोस. तिथे पोचल्यावर भर.

गाडी मागे घेताना कॅराव्हॅन उलट्या बाजूला वळते म्हणतात. सराव कर. एखाद्या मोकळ्या शेतात, जिथे आपटण्यासारखं काही नाही.

प्रभाला सगळी पत्रं वाचायला दिली. आधी दिली नव्हती. ती दुपारभर देवघरासमोर बसून होती. संध्याकाळी म्हणाली, पोरीला विचार रस्त्यात जेवायचं काय करणार.

पोचल्याचं कळव.

वासुदेव


कायझर्सलाउटर्न,
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांस आणि तीर्थरूप आईंस,
ऊर्मिला आणि शमिकाचा शि. सा. न. वि. वि.

पोचले. हेर बेरेन्सनी दोन संध्याकाळी त्यांच्या कापणी झालेल्या शेतात मला गाडी मागे घ्यायला शिकवलं. तीन तारखेची सुट्टी जोडून निघाले, ऐंशीच्या वेगाने, सात तास लागले. ट्रकवाले मागून दिवे दाखवत होते. आई, रस्त्यात दशम्या आणि चटणी खाल्ली.

गावाबाहेर जंगलाच्या कडेला कॅम्पिंगची जागा आहे, तिथे उभी केली. शमिका सायकलवरून आली. वाळली आहे. आत येऊन तिने आधी कपाटाची फळी काढली, तो जॉइंट बघितला, बोटाने चाचपला आणि फळी परत लावली. मग आम्ही भात-पिठलं केलं, जेवलो. ती तिथेच झोपली.

काल सकाळी मी चहा टाकत होते. शमिका बेसिनपाशी दात घासत होती. तोंडात ब्रश, एका हातात फोन, आणि तोटी पूर्ण उघडी. पंप धडधडत होता. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, बंद कर म्हणून. तिचं लक्षच नाही. आणि मग मला काय झालं कळत नाही, मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या तंबूतला माणूस बाहेर आला. मी ओरडले की बंद कर ती तोटी, पाणी काय तुझ्या बापाचं आहे का.

तोंडातून गेलं आणि मला ऐकू आलं. शमिकाने ब्रश बाहेर काढला. माझ्याकडे बघत राहिली. आणि मराठीत, स्वच्छ मराठीत म्हणाली, की हो, बाबाचंच आहे.

मग आम्ही दोघी रडलो, बाबा. खाली फरशीवर बसून, दारात चपला पडल्या होत्या तिथे. मला वाटतं ती आधी हसली आणि मग रडली, मी आधी रडले. चहा उतू गेला. तोटी कोणी बंद केलीच नाही. पंप चालत राहिला, टाकी संपली, मग पंपाचा आवाज बदलला तेव्हा शमिका उठली आणि बटण बंद करून आली. अंगठ्यावरची ती जुनी जखम कालपासून ठणकते आहे.

आता ठरवलं ते लिहिते. आई, मी डिसेंबरात राजीनामा देणार नाही. तुम्ही रंगवलेल्या खोलीत राहायला मी येणार नाही, निदान आत्ता नाही. तुम्हाला वाईट वाटेल, मला ठाऊक आहे, आणि मलाही वाटतं आहे. खरंच वाटतं आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघी तीन आठवडे येऊ, तेव्हा त्याच खोलीत राहू. ब्राउनश्वाइगच्या जोडप्याला नाही म्हणून कळवलं. हिवाळ्यापुरती जागा इथल्या कॅम्पिंगवाल्यांनीच दिली आहे. शमिका दर आठवड्याला येऊन बघून जाणार म्हणते. थंडी पडायच्या आत ड्रेन कॉक कसा उघडायचा, हे तुम्हीच तिला लिहा. मराठीत लिहा, ती वाचेल. अडलं तर मला विचारेल.

पाण्याचा नळ इथून दोनशे मीटरवर, ऑफिसच्या मागे आहे. शमिका कॅन घेऊन दारात उभी आहे आणि मला हाका मारते आहे, एकटीला उचलणार नाही म्हणते. जाते.

तुमची,
ऊर्मिला